सही कोणाची?

सध्या कुठल्याही कंपनीत जा, 'एआय स्ट्रॅटेजी'चं प्रेझेंटेशन तयार असतंच. बाण असतात, ढग असतात, पाच वर्षांचा रोडमॅप असतो. हे बोंबललं तर सही कोणाची, ही स्लाईड मात्र नसते. तंत्रज्ञानामुळे धंद्याचं धोरण बदलतं, मान्य आहे हो. पण आयटीच्या साहेबाचं काम खरं बदललंय ते इथे, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

ब्रिटनमधली टीएसबी बँक बघा. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती घेतली. सिस्टीम जुन्या मालकाची, लॉईड्सची. म्हणून एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहक एका वीकएंडला नव्या प्लॅटफॉर्मवर हलवले. डेटा नीट गेला बरं का! कोसळला तो प्लॅटफॉर्म. लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना. गाडी रुळावर यायला डिसेंबर उजाडला. बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. आणि २०२३ मध्ये तेव्हाच्या सीआयओला, व्यक्तिशः, ८१,६२० पौंड.

का? तर काम करणारी साबिस ही साबादेलचीच कंपनी. 'आम्ही तयार आहोत' असं तिने कळवलं, आणि ते कशाच्या जोरावर हे साहेबांनी पुरेसं तपासलं नाही.

आता साबिसच्या जागी एखादं लँग्वेज मॉडेल ठेवा. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल चक्क चुकीचं सांगितलं. चॅटबॉट जणू स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, तोच जबाबदार, असा कंपनीच्या बचावाचा अर्थ लवादाने काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला. म्हणजे यंत्राची सही चालत नाही. (च्यायला, हे सांगायला लवाद लागतो!)

'मग नवीन काही करायचंच नाही का?' असं लगेच विचारतात. करा की! पण 'अजून तयार नाही' म्हणून काम थांबवायचा अधिकार आयटीच्या माणसाला द्या. नुसती जबाबदारी देऊन काय उपयोग? टीएसबीत आधी तारीख ठरली आणि मग काम त्या तारखेत कोंबलं, असं २०१९ च्या चौकशी अहवालात आहे. तुमच्या एआय प्रोजेक्टची गो-लाईव्हची तारीख कोणी ठरवली, जरा विचारून बघा...