सांबार आपलं, मग शेणाचं पाणी कोणाचं?

तंजावूरचं नाव काढलं की मराठी माणूस दोन मिनिटांत सांबारावर येतो. गोष्ट तुम्हालाही कोणीतरी पाठवलीच असेल. तंजावूरचे भोसले राजे शहाजी, त्यांच्याकडे छत्रपती संभाजी महाराज पाहुणे, मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसुलं संपलेली. मग चिंच घातली गेली आणि पाहुण्याच्या नावावरून त्या आमटीला सांभार म्हणू लागले. म्हणजे इडलीबरोबर अख्खा देश जे ओरपतो ते मुळात 'आपलं'! या 'आपलं'मध्ये तुम्ही-मी कुठे बसतो, एवढंच मला विचारायचं आहे.

गोष्ट खरी की खोटी यावर फार वेळ घालवत नाही. शहाजी गादीवर आले 1684 मध्ये, संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारलं 1689 मध्ये. मधली वर्षं महाराज मोगलांशी झुंजत होते. ते तंजावूरला जेवायला गेल्याचा समकालीन कागद ही गोष्ट सांगणारे कधी पुढे ठेवत नाहीत. 'संभार' म्हणजे सामग्री, जिन्नस. शब्द जुनाच आहे. आमच्या विदर्भात तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. माझी आजी बाजारातून दोन रुपयांचा सांबार आणायची, तिने त्यावर कोणत्या राजाचा हक्क सांगितला नाही.

मला खटकतं ते वेगळंच. तंजावूरचं भोसले घराणं मांस खाणारं होतं आणि ते लपवतही नव्हतं. सर्फोजी दुसरे (1798 ते 1832) यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने छापल्या आहेत. त्यात मांसाचे पदार्थ आहेत, इंग्रजी पद्धतीचेही आहेत. ज्या दरबारात हे शिजत होतं त्या दरबाराची आठवण म्हणून आज मराठी माणसाच्या तोंडी उरलं काय? डाळीची आमटी. राजाच्या ताटातलं मटणसुद्धा ज्या गाळणीतून खाली उतरलं नाही, तिथून तुमच्या-माझ्या घरचं काय उतरणार?

मोडी कागद पाहायला मी तंजावूरला गेले होते. एका सकाळी शहरातल्या 'खास स्थानिक' पदार्थांची सहल होती, तिच्यात पैसे भरून सामील झाले. रसवांगी, पिठलई, बोळी, तिरुवैयारूचा अशोका हलवा, कुंभकोणमचा कडप्पा, पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी. सगळं चवीला उत्तम, त्यात वाद नाही. पिठलई म्हणजे आपल्या पिठल्याचं नाव, बोळी म्हणजे पोळी, हे ऐकताना मजाही आली. वाटाड्या पुनःपुन्हा सांगत होता की हे किती मिश्र शहर आहे: चोळ तमिळ, नायकांबरोबर तेलुगू आले, मग मराठे, सौराष्ट्री विणकर, नंतर इंग्रज. सगळ्यांच्या चवी इथे एकत्र नांदल्या.

नांदल्या हो. पण या पंगतीत राजा आहे, पुरोहित आहे, कारकून आहे, विणकर आहे, साहेबही आहे. कावेरीच्या त्या खोऱ्यात चिखलात उभं राहून भात लावणारा पळ्ळर आणि परैयर तेवढा नाही. ज्या जिल्ह्याला अख्खं तमिळनाडू तांदळाचं कोठार म्हणतं, तिथल्या खास पदार्थांच्या यादीत तांदूळ पिकवणाऱ्याच्या घरचा एकही पदार्थ नसावा, याला नजरचूक कसं म्हणायचं?

सर्फोजींचीच एक साक्ष काढते. त्यांच्या घराण्याची छत्रं, म्हणजे यात्रेकरूंना जेवू घालणाऱ्या धर्मशाळा, प्रसिद्ध होत्या. ती चालू राहावीत म्हणून 1801 मध्ये त्यांनी इंग्रजांना पत्र लिहिलं. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सगळ्यांना तिथे शिजवलेला भात मिळतो, असं त्यात अभिमानाने सांगितलं आहे. चांगली गोष्ट आहे, भुकेल्याला भात मिळत होता. पण त्याच दमात पुढचंही सांगितलंय: ज्यांना शिजवलेलं चालत नाही त्यांना कोरडा शिधा मिळतो. शिधा मागणारा कोण असायचा, ते मी सांगायला नको. राजा सगळ्यांना जेवू घालत होता, पण दुसऱ्याच्या हातचं न खाण्याची सोयही राजाच्याच खर्चाने होत होती.

आता तंजावूरचा असा एक 'पदार्थ' सांगते, जो कुठल्याच सहलीत मिळत नाही. साणिप्पाल, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण. शेतमजुराने उशीर केला, उलट बोलला, पोराला शाळेत धाडलं, की मिरासदार त्याला चाबकाने फोडायचा आणि हे पाजायचा. हे विसाव्या शतकातलं आहे. 1940च्या दशकात बी. श्रीनिवास राव आणि किसान सभेच्या कार्यकर्त्यांनी मजुरांना संघटित करून ही शिक्षा बंद पाडायला लावली. पाककृतीला साहित्य दोनच, शेण आणि पाणी, पण त्यामागे जमिनीची सगळी मालकी उभी होती.

आणि 25 डिसेंबर 1968. तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातलं, आज नागपट्टिनममध्ये असलेलं कीळवेण्मणी. मजुरांची मागणी होती मजुरीत थोडं जास्त धान मिळावं. जमीनदारांच्या माणसांनी वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला लोक एका झोपडीत शिरले, तिला आग लावली गेली. 44 जण जळाले, बहुतेक बाया आणि लेकरं. खटला मद्रास उच्च न्यायालयात गेला तेव्हा जमीनदार सुटले. मोटारी बाळगणारी श्रीमंत माणसं स्वतः चालत जाऊन असं काही करतील हे न्यायालयाला पटेना.

इथे आपल्यातल्या काहींना सोपं उत्तर सुचेल की हे सगळं ब्राह्मणांचं काम. तसं नाही. कीळवेण्मणीच्या जमीनदारांचा म्होरक्या नायडू होता. 1957 मध्ये पेरियारांनी मद्रासच्या एका हॉटेलच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' शब्द काढायला आंदोलन केलं, आणि ते योग्यच होतं. पण पाटी बदलली तरी धानाचं माप ज्याच्या हातात होतं त्याच्याच हातात राहिलं. कीळवेण्मणी जळालं तेव्हा राज्यात अण्णादुराईंचं सरकार होतं. मराठा, कुणबी, तेली, माळी घरांतून पहिल्यांदा पदवी घेतलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण सांबाराच्या गोष्टीवर छाती फुगते ती बहुतेक आपल्याच बाजूची.

मी भंडारा जिल्ह्यातली, धानाच्याच मुलखातली. आई रोवणीला जाते. म्हणून तंजावूरच्या बांध्या पाहिल्या तेव्हा मला परकं वाटलं नाही. तिथले मजूर शेतातले खेकडे, गोगलगाई, धान खाऊन माजलेले उंदीर खातात. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी कांद्याबरोबर खातात. त्यातलं पळैय सोरू, म्हणजे तो शिळा भात, आता पोटाला चांगला म्हणून मोठ्या हॉटेलांत मातीच्या भांड्यात मिळतो. उंदीर अजून आला नाही. तो यायचा असेल तर आधी त्याला खाणाऱ्याचं नाव पुसावं लागेल, जसं शिळ्या भाताचं पुसलं.

आपल्याकडे हे नाव पुसू न देण्याचं काम शाहू पाटोळे यांनी केलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकावरचं त्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 मध्ये आलं. रक्ती, चान्या, सगळं नावानिशी लिहिलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. पुस्तकात पाककृती छापून आली आणि बाहेर त्यातलं मांस बाळगणं गुन्हा ठरलं. त्याआधी 2009 मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या ताटाबद्दलच्या आठवणी गोळा केल्या होत्या. वसतिगृहात, ऑफिसात 'आपल्या भागातला खास पदार्थ आणा' असा फतवा निघतो तेव्हा आपण सगळे मुकाट्याने पुरणपोळी विकत आणतो. माझ्या वसतिगृहात तर सूचनेखाली 'फक्त शाकाहारी' असं लाल शाईने लिहिलेलं असायचं. मग भाग कोणता आणि खास काय, हे विचारायचं कशाला?

पुढच्या वेळी तो कागद आला की मी सुक्या बोंबलाची चटणी लिहिणार आहे. आणि सांबाराची ती गोष्ट कोणी पाठवली, तर खाली कीळवेण्मणीची तारीख टाकून परत पाठवणार आहे. तुम्ही काय लिहिणार ते कळवा.