दूरदर्शनवर आपली वंदना हवी काय?



वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एका रविवारी वाचन आटोपल्यावर वस्तीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने विषय काढला. “दूरदर्शनवाल्यांनी सकाळची आरती दाखवायला सुरुवात केली. मग रविवारी अर्धा तास आपली बुद्धवंदना का नको? आपण अर्ज करू!” सर्वांनी माना डोलावल्या. आयाबाया सह्या करायला पुढे सरसावल्या. आम्ही पडलो कारकून. “भाऊ, मजकूर तुम्हीच लिहा,” असे फर्मान सुटले. कागद घेऊन घरी आलो खरे, पण मायना लिहून पेन तिथेच थांबले. का थांबले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. कित्येक घरांत टीव्हीला हार घालून उदबत्ती लावली जाई. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी. चपला बाहेर काढायच्या, हात जोडून बसायचे, असा तिथला नियम. आम्ही पोरे बसत होतो. वडिलांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “गोष्ट बघायची तर बघ. हात कशाला जोडतोस?”

वडिलांचा तो प्रश्न आज सरकारी प्रसारणाला विचारावासा वाटतो. कारण ‘रामायण’ निदान मालिका होती. पुढे ५ ऑगस्ट २०२० रोजी अयोध्येतले भूमिपूजन आणि २२ जानेवारी २०२४ रोजी तिथली प्राणप्रतिष्ठा दूरदर्शनने थेट दाखवली. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या सकाळच्या आरतीचे रोजचे थेट प्रक्षेपण सुरू केले. मोठा सोहळा बातमी म्हणून दाखवला, तर समजू शकते. पण रोजची आरती ही बातमी नव्हे, ती पूजाच होय. खाजगी वाहिन्यांनी स्वतःच्या पैशाने काय दाखवावे हा त्यांचा प्रश्न. दूरदर्शन मात्र जनतेच्या पैशावर चालते. साबणाची वडी घेणारा सफाई कामगारही त्यासाठी कर भरतो.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या संविधानाचा मसुदा केला, त्याचे कलम २७ सांगते की, एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खास राखून ठेवलेला कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. वकील म्हणतील, आरतीसाठी वेगळा कर कुठे घेतला? शब्दांत ते बरोबर असेल, पण कलमाचा आत्मा काय सांगतो? शिवाय दूरदर्शन ज्या प्रसार भारती कायद्याखाली, म्हणजे १९९० च्या कायद्याखाली चालते, त्याच्या कलम १२ मध्ये संविधानातील मूल्ये जपणे, सामाजिक न्याय वाढवणे आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी झुंजणे ही उद्दिष्टे लिहिलेली आहेत. आरतीला जेवढा नेमाने वेळ दिला, तेवढा या कामाला कधी दिला?

“त्यांना मिळते, मग आपल्यालाही मिळू द्या,” हे म्हणणे सोपे आहे. पण वाचकहो, जरा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे ८४ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ०.७ टक्के. दिवसाची मिनिटे १४४०. डोकी मोजून वाटणी झाली, तर आपल्या वाट्याला येतात दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांसाठी आपण अर्ज केला, की उरलेल्या १४३० मिनिटांत पूजाअर्चा चालली तरी तोंड उघडण्याचा हक्क आपण गमावला! ज्याने वाटा मागितला, त्याने वाटपही मान्य केले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हा सौदा परवडणारा नाही.

मग आकाशवाणी-दूरदर्शनवर धर्माचे नावच काढू नये काय? तसे नाही. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेब आकाशवाणीवरून बोलले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे त्यांनी देशाला सांगितले. मे १९५६ मध्ये बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो, हे त्यांनी बीबीसीवरून मांडले. दोन्ही वेळा त्यांनी कोणालाही हात जोडायला सांगितले नाही. विचार सांगितला, पटला तर घ्या म्हणाले. तथागतांनी कालामांना दुसरे काय सांगितले होते? परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सही करणाऱ्यांत शेजारच्या आजी होत्या. पूर्वी दर ६ डिसेंबरला त्या चैत्यभूमीला जात. आता गुडघे साथ देत नाहीत. त्या म्हणाल्या, “बाळा, टीव्हीवर त्रिसरण लागलं, तर मला घरी बसून म्हणता येईल रे.” या माउलीपुढे कलम २७ वाचून दाखवायचे काय? आम्हांस उत्तर सुचेना.

पुढच्या रविवारी आम्ही हे सारे विहारात मांडले. बरीच वादावादी झाली. तो तरुण कार्यकर्ता आमच्यावर नाराजही झाला. शेवटी अर्ज गेला, पण मजकूर बदलून. आम्ही लिहिले की, सरकारी पैशाने कोणत्याही धर्माची पूजा-प्रार्थना रोज दाखवू नये, आमचीही नको. त्याऐवजी सर्व धर्मांचा इतिहास, त्यांतले विचार आणि त्यांतले वादही दाखवावेत. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्याची बातमी इतरांच्या सोहळ्यांइतक्याच मानाने द्यावी. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दीही देशाला दिसू द्यावी.

आणि आजींचे काय? दर रविवारी विहारातल्या दोन मुली त्यांच्या घरी जातात आणि त्यांच्यासोबत त्रिसरण-पंचशील म्हणतात. पहिल्या दिवशी आजींनी मुलींना चहा पाजला आणि १९५६ साली नागपूरला गेलेल्या आपल्या वडिलांची हकिकत सांगितली. टीव्हीने त्यांचे त्रिसरण ऐकवले असते, पण त्यांची हकिकत ऐकून घेतली नसती.

आपल्या वस्तीतही अशा आजी-आजोबा असतील. येत्या रविवारी त्यांचे दार वाजवा. अर्जाचे उत्तर येईल तेव्हा येईल.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!