नागीण बरी झाली, मग आग का थांबत नाही?

नागिणीचे फोड वाळतात, खपल्या पडतात, डागही फिके होतात. तरी काहींना तीन-चार महिन्यांनंतरही बनियनचा स्पर्श सहन होत नाही. पंख्याच्या वाऱ्यानेही आग होते. घरचे म्हणतात, "आता तिथे काहीच दिसत नाही, मनाचे खेळ आहेत." काही डॉक्टरही असेच बोलून पेशंटला परत पाठवतात. हे मला अजिबात मान्य नाही. बिघाड आहे, फक्त तो कातडीवर नाही.

तो कुठे आहे? पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना छोट्या गाठी असतात. वेदना जाणणाऱ्या मज्जापेशींचे मुख्य शरीर तिथे असते आणि त्यांचे लांबलचक तंतू कातडीपर्यंत गेलेले असतात. पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू तर जवळपास एक मीटर लांब! लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू याच गाठींत वर्षानुवर्षे दडून बसतो. नागीण म्हणजे तोच पुन्हा जागा होणे. (नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, हे मात्र खरे नाही.)

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके असतात, पण घरातले सगळे दिवे जसे एकाच वेळी लावलेले नसतात तशी तीही सगळी चालू नसतात. तंतूला इजा झाली की तसा निरोप उलट्या दिशेने पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो आणि तिथली बटणे बदलतात. एटीएफ-३ नावाचे जनुक धडधाकट मज्जापेशीत जवळपास बंद असते; इजेनंतर ते जोरात चालू होते. हेतू चांगला असतो, तुटलेला तंतू पुन्हा वाढवायचा. पण त्याच धामधुमीत पेशीला शांत ठेवणाऱ्या पोटॅशियमच्या वाटा कमी होतात. मॉर्फिनसारखी औषधे जिथे चिकटतात ती प्रथिनेही घटतात. उलट 'अल्फा-२-डेल्टा' हे कॅल्शियमच्या वाटेवरचे प्रथिन वाढते. मग काही टोचलेले नसतानाही पेशी मेंदूकडे संदेश पाठवत राहते. यातले बरेचसे ज्ञान उंदरांच्या नसांवरील प्रयोगांतून आले आहे, पण पेशंटच्या तक्रारीशी ते चांगले जुळते.

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही औषधे नेमकी या अल्फा-२-डेल्टालाच चिकटतात. डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या गोळ्या सूज कमी करतात. इथे सूज हे मूळ दुखणे नाहीच. तरी लोक त्या महिनोन्महिने घेतात आणि मूत्रपिंडे बिघडवून घेतात! योग्य औषधाचा डोसही हळूहळू वाढवावा लागतो, गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नका. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ती विकतही आणू नका. गुंगी येते, वयस्कर माणूस रात्री उठताना पडू शकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो.

पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर नागीण लवकर आटोक्यात येते. म्हणून गेरू लावत बसण्यात पहिले तीन दिवस घालवू नका. पन्नाशीनंतर दोन डोसांची लसही घेता येते. महाग आहे, पण परवडत असेल तर जरूर विचार करा. आधीच सुरू असलेली आग मात्र लसीने कमी होत नाही.