जलचक्राची हलती चित्रे

मुलांस पाण्याचा प्रवास समजावा म्हणून आजकाल शाळांतून पडद्यावर हलती चित्रे दाखवितात. समुद्राची वाफ होते, मेघ सह्याद्रीस थडकतो, पर्जन्य पडते, आणि निळे बाण भूमीत शिरून पुन्हा समुद्रास मिळतात. दोन मिनिटांत सृष्टीचा रहाट एक फेरा पुरा करितो. ह्या साधनास नाके मुरडणारांपैकी आम्ही नव्हे. डोळ्यांस न दिसणारी मंद गती दिसती करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याची वाढ दिवसागणिक टिपून तिचा लहानसा चित्रपट केला, आणि तो दाखवून पुढील उद्योगास भांडवल मिळविले. बीज कसे फुटते हे पाहणारांस त्या दिवशी प्रथमच दिसले असेल.

परंतु वाटाणा मातीच्या वर वाढतो. आमची तक्रार आहे ती पडद्याच्या खालच्या चतकोराविषयी. तेथे जमिनीखाली एक निळा पट्टा रंगविलेला असतो, आणि तो पाहून मूल घरी येऊन विचारते, “आजोबा, आपल्या आडाखाली नदी आहे का हो?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पुष्कळ वडीलधाऱ्यांचीही समजूत तीच असते, व ‘झरा लागला’ ह्या आपल्या बोलण्याने ती अधिकच घट्ट होते.

भिवंडीच्या भूमीखाली नदी नाही, सरोवरही नाही. आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थरांवर थर साचलेला काळा पाषाण. त्याचे अंग मूळचे कठीण. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, थरांच्या माथ्यावरील सच्छिद्र भागात आणि भेगांत. वराहमिहिराने बृहत्संहितेतील दकार्गल प्रकरणात भूमीतील पाण्यास देहातील शिरांची उपमा दिली आहे. वारुळे व वृक्ष पाहून तो सांगतो त्या सर्व खोल्या प्रमाण मानाव्या असे आमचे म्हणणे नाही. तथापि चौदापंधराशे वर्षांपूर्वीची ती उपमा आमच्या पाषाणास पडद्यावरील निळ्या पट्ट्यापेक्षा अधिक शोभते.

ह्या शिरांत पाणी किती? भूजलतज्ज्ञ झिजलेल्या व भेगाळ काळ्या पाषाणासाठी असे धरतात की, एकंदर आकारमानाच्या शेकडा १ ते ३ एवढेच पाणी त्यातून निथळून हाती येते. मध्यम प्रमाण शेकडा २ घेऊ. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर; त्याखालील पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर मिळाले अवघे दोन हजार लिटर. शहरात दरमाणशी दररोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर पंधरा पानांच्या घराचा हा एका दिवसाचा खर्च झाला! आडाचे पाणी रोज मीटरभर उतरताना दिसत नाही, कारण बाजूचे पाणी सरकून येते. पण ते बाजूचे पाणी शेजाऱ्याच्या जमिनीखालचे असते, हे घरातील कर्त्या मंडळींनी ध्यानात घ्यावे. कूपनलिका खणताना आपण आपल्याच अंगणात खणतो अशी आपली भावना असते. भेगांस मात्र कुंपण ठाऊक नसते.

हेच गणित उलट मांडले म्हणजे दुसरे एक कोडे सुटते. पातळी एक मीटर चढण्यास वीस मिलिमीटर पाणी मुरले तरी पुरते. म्हणून आषाढ-श्रावणात आड काठोकाठ भरतात आणि पुढचा पाऊस, मुरण्यास जागाच नसल्यामुळे, कामवारीवाटे खाडीस जातो. साचलेलेही उताराने हळूहळू खाडीकडे पाझरतच असते. जेथे वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य पडते, तेथे वैशाखात आड का आटावा, ह्याचे उत्तर पुष्कळसे येथे आहे.

पडद्यावरील दुसरी उणीव काळाची. हवेतील वाफेचा कण सरासरी नऊ-दहा दिवसांत पुन्हा खाली येतो. भूमीत शिरलेल्या थेंबास बाहेर पडण्यास काही महिने लागतात, कोठे कोठे हजारो वर्षे. चित्रात मात्र दोघे एकाच वेगाने धावतात, आणि उपसलेले पाणी लवकरच परत येईल, असे मूल समजून बसते.

तिसरी उणीव आम्हांस सर्वांत बोचते. बारा देशांतील साडेचारशेंहून अधिक जलचक्राच्या आकृत्या तपासून विद्वानांनी २०१९ साली असे प्रसिद्ध केले की, शेकडा ८५ आकृत्यांत मनुष्याचा हस्तक्षेपच नाही. डोंगर आहे, ढग आहे, घर नाही! भिवंडीच्या मुलास हे चित्र परक्या मुलखाचेच वाटणार. त्याच्या तालुक्यातून मुंबईस पाणी नेणारे तानशाचे प्रचंड नळ जातात. ते धरण १८९२ सालचे. त्याच्या गावात माग आहेत, रंगाचे कारखाने आहेत, वऱ्हाळा तलाव आहे. आणि जेथे भातखाचरांत चार महिने पाणी उभे राहून मुरत असे, तेथे कित्येक ठिकाणी पत्र्याची गोदामे व सिमेंटची अंगणे झाली आहेत. आमच्या परिचयाच्या एका घरी मोटार ठेवण्यासाठी आड बुजविण्याचा विचार चालला आहे. त्या घरच्या पाचवीतील कन्येने शाळेत जलचक्राची आकृती बिनचूक काढून शाबासकी मिळविली. आकृतीत आड नव्हता, हे सांगावयास नकोच.

म्हणून चित्र दाखवावे, पण खालचा चतकोर आला की थांबवावे, आणि मुलांस आडाच्या काठी न्यावे. दोरीस वितीवितीवर गाठी मारून टोकास दगड बांधावा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी, वडील माणसाने जवळ उभे राहून पाण्यापर्यंतच्या गाठी मोजवून घ्याव्या व पंचांगाच्या समासात टिपाव्या. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजते, ती ह्याच हेतूने. सुटीत अकलोली-गणेशपुरीस जाणे झाले, तर तानशाकाठची उष्ण कुंडेही दाखवावी. राक्षसांच्या रक्ताची कथा आजीने सांगावी. आणि भेगांतून फार खोल उतरलेले पावसाचेच पाणी तेथे तापून वर येते, हे आजोबांनी सांगावे. मुलांस दोन्ही आवडतात, असा आमचा अनुभव आहे. मात्र दोरी जूनच्या आधी तयार असावी. पहिल्या पावसापूर्वीचा आकडा हुकला, तर पुढल्या वर्षापर्यंत थांबावे लागते.