विश्लेषण : हार्ड डिस्क बिघडू लागली… तरी ती लगेच उपटणे धोक्याचे का?

लग्नाचे चित्रीकरण करणारे स्टुडिओ, वास्तुविशारदांची कार्यालये, दवाखाने आणि फोटोंची हौस असलेली घरे… चार-सहा हार्ड डिस्क एकत्र बसवलेला ‘नॅस’ नावाचा बॉक्स आता अशा ठिकाणी नवलाचा राहिलेला नाही. ‘एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही’ असे सांगून तो विकला जातो. हे खरे आहे, पण अर्धेच. डिस्कच्या बिघाडातून वाचलेला डेटा अनेकदा ती डिस्क काढण्याच्या घाईत जातो. लाल दिवा लागला, बॉक्स पीं-पीं करू लागला, की पहिली प्रतिक्रिया असते ती डिस्क खेचून बाहेर काढण्याची. नेमकी तीच टाळायला हवी.

स्टोरेज पूल म्हणजे काय?

इथला पूल नदीवरचा नव्हे. अनेक डिस्कची जागा एकत्र करायची आणि संगणकाला ती एकच मोठी डिस्क म्हणून दाखवायची, म्हणजे स्टोरेज पूल. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ‘रेड’ची मांडणी करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा समूह वापरावा आणि त्यातली एखादी बंद पडणार हे गृहीत धरावे, हे त्याचे सूत्र. आज विंडोजमधील ‘स्टोरेज स्पेसेस’, लिनक्सवरील ‘एमडी रेड’ व ‘बीटीआरएफएस’, ट्रूनॅसमधील ‘झेडएफएस’ आणि सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांचे बॉक्स त्याच सूत्रावर चालतात.

संरक्षणाचे मुख्य प्रकार दोन. मिररमध्ये एकाच माहितीच्या दोन प्रती दोन डिस्कवर राहतात. पॅरिटीमध्ये प्रत नसते, हिशेब असतो. समजा तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २० लिहिली आहे. ४ असलेली डिस्क गेली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करून ४ परत मिळतो. प्रत्यक्षातले गणित वेगळे असते, पण तत्त्व हेच. दोन आकडे एकदम गेले, तर मात्र बेरीज हातात असूनही उपयोग नाही. तिसराही प्रकार आहे, ज्यात संरक्षणच नसते, फक्त जागा जोडलेली असते. ‘सिम्पल’ असे निरागस नाव असलेल्या त्या पूलमधली एक डिस्क गेली, की बहुधा सगळेच गेले.

बिघडलेली डिस्क आणि मेलेली डिस्क यांत फरक काय?

हा फरक लक्षात न घेतल्यानेच बहुतेक घोळ होतात. चार टेराबाइटच्या एका डिस्कवर ४,०९६ बाइटचे सुमारे ९७ कोटी सेक्टर असतात. त्यातले ५० वाचता येईनासे झाले, तर यंत्रणा धोक्याचा इशारा देते आणि तो द्यायलाच हवा. पण उरलेले जवळपास सगळे ९७ कोटी अजून वाचता येतात. ही डिस्क खेचून काढणे म्हणजे ५० सेक्टरच्या रागापोटी ९७ कोटी फेकून देणे.

एका पॅरिटीच्या पूलमधून अशी डिस्क काढली, की त्या क्षणापासून संरक्षण शून्य. आता नवी डिस्क भरायची, तर बाकीची प्रत्येक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. त्यातल्या एखादीवर एक जरी सेक्टर वाचता आला नाही, तर त्या जागी दोन आकडे हरवतात. तेवढ्या भागाचा डेटा कायमचा गेला, असे समजायचे. काही जुन्या प्रणाली तर अशा वेळी दुरुस्ती अर्ध्यावरच सोडून देतात. उलट आचके देणारी डिस्क जागेवरच ठेवली असती, तर त्या एका सेक्टरपुरते उत्तर तिच्याकडून मिळाले असते. दोन डिस्क नेमक्या एकाच ठिकाणी खराब असण्याची शक्यता फार कमी.

हा धोका कागदोपत्री नाही. घरगुती वापराच्या अनेक डिस्कच्या तांत्रिक माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना फार तर एक वाचनदोष, अशी मर्यादा दिलेली असते. हे बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात, पण चार मोठ्या डिस्क सलग वाचायच्या म्हटल्यावर त्या आकड्याकडे डोळेझाक करता येत नाही. शिवाय वेळ. सोळा टेराबाइटची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने न थांबता भरली, तरी सुमारे १८ तास लागतात. दरम्यान ऑफिसचे काम चालू असेल, तर त्याहून कितीतरी जास्त. तेवढा वेळ उरलेल्या डिस्क अखंड राबतात. त्या सहसा एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असतात. लॅमिंग्टन रोडवरून एकाच खोक्यातून आलेल्या चार डिस्कचे वय आणि घडण सारखीच असते. पहिली थकली, तर दुसरीही फार मागे नसते.

मग योग्य क्रम कोणता?

आधी बॅकअप. पूल म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य इतक्या वेळा सांगितले गेले आहे, की ते आता कोणी ऐकत नाही. चुकून पुसलेली फाइल मिररमधल्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते, एवढे उदाहरण पुरे. इशारा मिळाल्यावर पहिली कृती म्हणजे ज्याची दुसरी प्रत नाही, ते आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे.

मग निदान. डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यनोंदीत, म्हणजे ‘स्मार्ट’मध्ये, पाचव्या क्रमांकाची नोंद बदललेले सेक्टर दाखवते, १९७ वी संशयित सेक्टर दाखवते. हे आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायलाच हवी. पण वाढ फक्त १९९ क्रमांकात असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. शेदोनशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क बाद करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर ओळख पटवणे. हे काम क्षुल्लक वाटते, पण त्यातली चूक सर्वात महाग पडते. लिनक्समध्ये डिस्कना मिळणारी ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. त्यामुळे खरी ओळख एकच, डिस्कच्या लेबलवरचा अनुक्रमांक. आजारी डिस्कऐवजी शेजारची धडधाकट डिस्क खेचली, तर एका पॅरिटीचा पूल जागेवरच आडवा होऊ शकतो. बॉक्स बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी कोणत्या खणात कोणता अनुक्रमांक आहे, हे कागदावर लिहून बॉक्सला चिकटवले पाहिजे. दहा मिनिटांचे काम आहे. ते होत नाही, कारण ग्राहक मागत नाही आणि बिलात त्याची ओळ नसते.

आणि मग मुख्य काम : जुनी डिस्क जागेवर असतानाच नवी जोडायची, यंत्रणेला ‘हिच्या जागी ही’ असे सांगायचे, काम पूर्ण होईपर्यंत थांबायचे, आणि यंत्रणेने सोडल्यावरच जुनी बाहेर काढायची. झेडएफएस, बीटीआरएफएस आणि लिनक्सच्या एमडी रेडमध्ये यासाठी ‘रिप्लेस’ची सोय आहे. सिनॉलॉजीच्या डीएसएम ७ मध्येही मोकळा खण असेल तर हे करता येते. विंडोज १० पासून स्टोरेज स्पेसेसमध्ये ‘काढण्यासाठी तयार करा’ हा पर्याय आहे. तो त्या डिस्कवरची माहिती इतर डिस्कवर हलवतो आणि मग डिस्क काढता येईल असे सांगतो. त्यासाठी उरलेल्या डिस्कवर तेवढी जागा मोकळी हवी आणि संगणक मध्येच झोपी जाता कामा नये. विंडोज ८ च्या काळात तयार केलेला पूल असेल, तर आधी त्याचे अद्ययावतीकरण करावे लागते.

झेडएफएसमध्ये आणखी एक खड्डा आहे. ‘रिप्लेस’ऐवजी ‘अ‍ॅड’ची आज्ञा दिली, तर नवी डिस्क जुनीची जागा घेत नाही. ती पूलचा स्वतंत्र, संरक्षण नसलेला भाग बनते. रेड-झेड प्रकारच्या पूलमधून ती नंतर काढताही येत नाही. सगळा डेटा दुसरीकडे हलवून पूल नव्याने बांधावा लागतो. यंत्रणा अशा वेळी आधी हरकत घेते. पण रात्री अकरा वाजता घाबरलेला माणूस ‘जबरदस्तीने कर’ हा पर्याय जोडून मोकळा होतो.

या नियमाला अपवाद आहेत का?

आहेत. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल किंवा ती सतत गायब होऊन परत दिसत असेल, तर तिला चालू ठेवून काही साधत नाही. पूल मिरर किंवा पॅरिटीचा असेल, तर यंत्रणेतून तिला रीतसर ‘ऑफलाइन’ करून बाहेर काढावे. संरक्षण नसलेल्या पूलमध्ये मात्र वीज बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे जाणे, हाच मार्ग. ‘एकदा परत चालू करून बघू’ असे म्हणत दहादा चालू केलेली डिस्क तज्ज्ञांच्याही हाताबाहेर जाते. मधली अवस्थाही असते : डिस्क चालते, पण प्रत्येक वाचनाला इतका वेळ लावते की सगळा पूल रखडतो. बीटीआरएफएसमध्ये यासाठी, दुसरीकडे निर्दोष प्रत नसेल तरच जुन्या डिस्ककडे जा, असे सांगता येते.

नवी डिस्क कुठलीही चालते का?

नाही. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्क एसएमआर तंत्राच्या आहेत, हे २०२० मध्ये उघड झाले. या तंत्रात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण सलग मोठे लेखन रखडते. ‘सर्व्ह द होम’ या संकेतस्थळाने केलेल्या चाचणीत अशी डिस्क झेडएफएसच्या पूलमध्ये भरायला नऊ दिवसांहून अधिक काळ लागला, जुन्या पद्धतीच्या डिस्कना एक दिवसही लागला नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने कोणत्या मॉडेलमध्ये कोणते तंत्र आहे, याची यादी जाहीर केली. विकत घेताना ‘सीएमआर’ आहे ना, एवढे विचारावे.

इशारा मिळालाच नाही तर?

हा या विषयातला सर्वात अस्वस्थ करणारा भाग. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पहिला स्कॅन दोष दिसल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढते, हे त्यात आढळले. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख निकषांपैकी एकावरही आधी काही दाखवले नव्हते. म्हणजे इशारा आला तर तो गांभीर्याने घ्यावा. तो आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

म्हणूनच ‘स्क्रब’ महत्त्वाचा. पूलमधला प्रत्येक कण वाचून तपासणारी ही फेरी महिन्यातून एकदा तरी व्हावी. ती न झाल्यास काय होते, हे कॅनडातील ‘लायनस टेक टिप्स’ या प्रसिद्ध यूट्यूब वाहिनीने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःच दाखवले. जुन्या चित्रीकरणाचा त्यांचा प्रचंड साठा झेडएफएसवर होता, पण नियमित स्क्रब लावलेलाच नव्हता. डिस्क बिघडत गेल्या आणि लक्षात येईपर्यंत डेटा खराब झाला होता. तंत्रज्ञान समजावून सांगणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांची ही गत.

दोष फक्त ग्राहकाचा आहे का?

अजिबात नाही. उत्पादक बॉक्सवर ‘हॉट स्वॅप’, म्हणजे चालू असतानाच डिस्क बदला, असे ठळक छापतात. खटका दाबताच डिस्क हातात येते, इतके ते सोपे केले आहे. जी कृती अखेरीस करायची, तीच सर्वात सोपी असेल तर माणूस तिथूनच सुरुवात करणार. विक्रेतेही चार खणांचा बॉक्स देताना चारही खण भरून देतात. पाचवा खण रिकामा ठेवावा, तोच अडचणीच्या दिवशी कामाला येईल, असे सांगणारा दुर्मीळ. सगळे खण भरलेले असतील, तर जुनी डिस्क ठेवून नवी जोडायची कुठे? मग ती काढूनच नवी बसवावी लागते आणि वर सांगितलेला सगळा धोका पत्करावा लागतो. निदान वार्षिक देखभालीच्या करारावर सही करण्यापूर्वी, डिस्क बदलताना कोणता क्रम पाळणार आणि स्क्रबचा अहवाल कोणाला पाठवणार, हे दोन प्रश्न विचारता येतात. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर दुसरा माणूस शोधावा.

काढलेल्या डिस्कचे काय करायचे?

निदान नव्या डिस्कसह एक पूर्ण स्क्रब निर्दोष पार पडेपर्यंत ती जपून ठेवावी, वर तारीख आणि अनुक्रमांक लिहून. त्यानंतर वॉरंटीत पाठवायची असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिररमधल्या डिस्कवर संपूर्ण प्रत असते आणि ती दुसऱ्या संगणकावर वाचता येऊ शकते. दवाखान्याच्या किंवा स्टुडिओच्या डिस्कवर इतरांची माहिती असते, स्वतःची नव्हे. पूल पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेला असेल तर प्रश्न मिटतो. नसेल, तर पाठवण्यापूर्वी डिस्क पूर्ण पुसावी. बिघाडामुळे ती पुसताच येत नसेल, तर वॉरंटीतल्या काही हजारांवर पाणी सोडून तिला ड्रिलने आरपार भोके पाडावीत आणि मगच ई-कचऱ्यात द्यावी.