गोधडीचा शेवटचा टाका

पितृपक्ष संपत आला की गावोगावी नदीच्या घाटावर आणि कालव्याच्या कडेला गोधड्यांचे ढीग दिसू लागतात. घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुऊन निघावे, असा आपल्याकडील जुना दंडक. शहरातील सदनिकांना घाट नसला तरी कपाटे मात्र याच सुमारास रिकामी होतात, आणि मग सर्वांत वरच्या खणातून एक बोचके खाली येते. त्यात नऊवारीचे विरलेले पदर, धोतराची पाने, मुलांच्या गणवेशाचे तुकडे आणि या सर्वांच्या मध्ये अर्धवट शिवलेली एक गोधडी असते. बहुधा टोचून ठेवलेल्या सुईसकट. आपण ती उलगडतो, क्षणभर न्याहाळतो, ‘पुढे बघू’ म्हणतो आणि बोचक्याला पुन्हा गाठ मारतो. वाचकहो, आज त्या बोचक्याविषयी लिहायचे आहे.

अशा अपुऱ्या कामाला आपण सहसा ‘वेळ मिळत नाही’ हे कारण देतो. ते पूर्णपणे खोटे नसते, पण पुरेसेही नसते. त्याच वर्षांत आपण इतर कितीतरी कामे पुरी केलेली असतात. गोधडी थांबते ती बहुधा एखाद्या न घेतलेल्या निर्णयापाशी: अस्तर कोणते लावायचे, उरलेला भाग कोणत्या रंगाने भरायचा, ती कोणाला द्यायची, किंवा मुळात ती पुरी करायची आहे का. निर्णय लांबतो आणि काम मात्र मनाच्या एका कोपऱ्यात उघडेच राहते.

या उघड्या कामांचा मानसशास्त्राने विचार केलेला आहे. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असे मांडले, की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मध्येच तुटलेले काम अधिक आठवते. पुढील संशोधकांना हा स्मरणाचा परिणाम सातत्याने आढळला नाही. त्यांच्याच सहकारी मारिया ओव्हस्यांकिना यांनी १९२८ मध्ये नोंदवलेली गोष्ट मात्र अधिक टिकाऊ ठरली: तुटलेले काम संधी मिळताच पुन्हा हाती घेण्याकडे माणसाचा कल असतो. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगी निष्कर्ष २०११ मधील आहे. मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकी संशोधकांना असे दिसले, की अपुऱ्या उद्दिष्टाचे विचार मनात डोकावत राहतात, परंतु ते केव्हा, कोठे आणि कसे पुरे करायचे याचा नेमका आराखडा केला, की काम प्रत्यक्षात पुरे होण्यापूर्वीच ती टोचणी बरीच ओसरते.

म्हणून प्रथम सुई नव्हे, कागद घ्यावा. बोचक्यातील प्रत्येक अपुऱ्या कामासमोर तीनपैकी एक शब्द लिहावा: पुरे करायचे, लहान करायचे, सोडून द्यायचे. लहान करण्यात कमीपणा नाही. पलंगभर आखलेली गोधडी दिवाणावरच्या बैठकीपुरती करता येते. चार पट्ट्यांवर थांबलेले काम एका बसकराला पुरते. सोडून देणे हाही निर्णयच आहे. चांगले सुती तुकडे शिवणकाम करणाऱ्या एखाद्या शेजारणीला द्यावेत आणि मनावरचे ओझे उतरवावे. मात्र ‘पुढे बघू’ हा चौथा शब्द कागदावर येऊ देऊ नये.

जी पुरी करायची ठरेल, ती नेमकी कोठे अडली आहे हे पाहावे. ठिगळे जोडणे हे आनंदाचे काम. तेथे फार थोड्या गोधड्या थांबतात. अडतात त्या थर एकत्र करताना. खाली अस्तराची साडी, मध्ये जुन्या कापडांचे भरण आणि वर ठिगळांचा थर, हे सारे सुरकुती न पडता एकमेकांवर बसवायचे तर मोकळी जमीन लागते आणि एकाहून अधिक माणसे लागतात. पूर्वी हे काम अंगणात, शेजारणींच्या सोबतीने होई. आज एकट्या गृहिणीने ते दिवाणखान्यात उरकावे अशी अपेक्षा असते, आणि तेथेच बोचक्याला गाठ बसते. तेव्हा एका रविवारी घरातील सर्वांना दोन तास बोलवावे. चौघांनी चार कोपरे ताणून धरावेत, कडांवर जड डबे ठेवावेत आणि मध्यापासून बाहेरच्या बाजूस वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून घ्यावेत. मध्यापासून निघाल्याने सुरकुत्या कडेकडे सरकतात. इतके झाले की पुढचे काम एकट्या माणसाला, मांडीवर घेऊन, सवडीने करता येते.

ते काम किती आहे, याचाही हिशेब करावा. मोजलेले काम न मोजलेल्या कामाइतके भय घालत नाही. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब अशी गोधडी घ्या. दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोऱ्याच्या उभ्या ओळी घातल्या तर सुमारे ७५ ओळी होतात, म्हणजे जवळजवळ १५८ मीटर शिवण. एका ओळीला २० मिनिटे धरली तर २५ तास. रोज अर्धा तास बसल्यास ५० दिवस लागतील. ओळींतील अंतर चार सेंटिमीटर केले तर साधारण २५ दिवसांत काम होते आणि गोधडी अधिक मऊही राहते. घटस्थापनेला आरंभ केला तर थंडी पडण्यापूर्वी ती अंगावर येऊ शकते.

हा अर्धा तास केवळ सोयीचा नाही, आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य आहे. अनेक थरांतून सुई ओढताना अंगठा आणि तर्जनी यांच्यावर पुनःपुन्हा ताण येतो. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे; सुई ओढायला फुग्याच्या रबराचा तुकडा चिमटीत धरावा, म्हणजे कमी जोर लागतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री त्या मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. शिवण थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गुडघे दुखणाऱ्यांनी जमिनीवर मांडी घालण्याचा हट्ट धरू नये. पाठीला आधार असलेली खुर्ची आणि गोधडीचा भार पेलणारे मेज अधिक बरे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, तेव्हा चष्म्याचा क्रमांक तपासून घ्यावा. गडद कापडावर गडद दोऱ्याचे काम दिवसाच्या उजेडात करावे आणि दर वीस मिनिटांनी नजर उचलून दूरचे झाड पाहावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना मंदावलेली असेल तर सुई टोचल्याचे कळत नाही. अशांनी काम संपताच बोटे नीट तपासावीत.

बोचके उघडण्यापूर्वीही थोडी दक्षता हवी. वर्षानुवर्षे बांधलेल्या कापडांत धूळ आणि धुळीतील सूक्ष्म कीटक असतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला दूर ठेवून, नाकातोंडावर रुमाल बांधून ते गच्चीत किंवा सज्जात उघडावे. आधी कापडांवरून एक चुंबक फिरवावे, म्हणजे गंजलेल्या सुया आणि टाचण्या सापडतील. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर त्याविषयीही डॉक्टरांना विचारावे. विरलेली कापडे बाजूला काढून उरलेली सुती कापडे सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवावीत. रंग जाणारी कापडे मात्र वेगळी धुवावीत. मग त्यांना कडक ऊन द्यावे. डांबरगोळ्यांत राहिलेली कापडे तान्ह्या बाळाजवळ थेट नेऊ नयेत. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत नॅप्थलीनच्या संपर्काने तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे की नाही हे घरच्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. चिंध्यांचे वस्त्र आणि अस्वच्छता यांचा आपण उगीच संबंध जोडतो. गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. अंगावर ठिगळांचे वस्त्र असलेल्या त्यांच्याच हाती खराटा होता.

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे वळू. पुष्कळ घरांतील अपुरी गोधडी आपण आरंभलेली नसते. ती आईने, सासूबाईंनी किंवा आजीने आरंभलेली असते. मोतीबिंदूने, सांधेदुखीने किंवा घरातील एखाद्या आजारपणाने ती थांबली आणि नंतर तिचा विषय कोणी काढला नाही. ती व्यक्ती आज घरात असेल, तर हे काम पुढील वर्षावर ढकलू नये. अस्तर आणि दोरा केव्हाही बाजारात मिळतील. ज्या हातांनी आरंभ केला ते हात मात्र कायम राहणार नाहीत. त्यांना विचारावे: हे ठिगळ कशाचे? हा रंग येथे का घेतला? कोणासाठी शिवत होतात? उत्तरे गोधडीच्या कागदावरच लिहून ठेवावीत. अवघड भाग आपण करावा आणि दोरा ओवलेली सुई त्यांच्या हाती द्यावी.

विस्मरणाचा विकार जडलेल्या वृद्धांच्या बाबतीतही हे लागू पडते. नावे आणि दिवस विसरले जातात, तरी आयुष्यभर हातांनी केलेल्या कामाची स्मृती अनेकदा अधिक काळ टिकते. नातवाचे नाव न आठवणारी आजी धावदोरा सरळ घालू शकते. अशा वेळी शेजारी बसावे, कात्री दूर ठेवावी, काम संपताच सुया मोजून घ्याव्यात आणि ‘टाका वाकडा गेला’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. गोधडी शिवल्याने विस्मरण बरे होते असा दावा हे सदर करणार नाही. ‘हे मला येते’ असे वाटण्याची अर्धी घटका मात्र त्या माणसाला मिळते, आणि तिचे मोल औषधांच्या यादीत मोजता येत नाही.

ती व्यक्ती हयात नसेल तर घाई करू नये. गेलेल्या माणसाच्या कपड्यांना कात्री लावणे काहींना दिलासा देते, काहींना असह्य होते. एकाच घरात दोन्ही भावना असू शकतात. सर्वांना विचारून घ्यावे, एखादे वस्त्र अखंड ठेवावे, आणि कोणाची तयारी नसेल तर थांबावे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड या कृष्णवर्णीय शेतकरी वस्तीत मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये आपल्या दिवंगत पतीच्या शेतात वापरलेल्या कपड्यांची गोधडी शिवली. घामाने आणि उन्हाने विटलेले ते कापड तसेच्या तसे तीत दिसते, आणि आज ती गोधडी कलावस्तू म्हणून ओळखली जाते. शिवताना मात्र ती पांघरण्यासाठीच होती.

दुसऱ्याची गोधडी पुरी करताना त्यांचे टाके उसवून आपल्यासारखे करू नयेत. त्यांचा बारीक टाका जेथे थांबला तेथून आपला जाड टाका सुरू झाला, तर तो तसाच दिसू द्यावा. एका गोधडीवर दोन हात दिसणे हे वैगुण्य नाही. पूर्वीच्या बहुतेक गोधड्यांवर याहून अधिक हात असत.

पुरी झालेली गोधडी वापरावी. तिला पुन्हा बोचक्यात बांधू नये. एकच अपवाद सांगतो: एक वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर सैल, जड पांघरूण घालू नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो. त्याच्यासाठी शिवलेले दुपटे जागेपणी, आपल्या नजरेसमोर, खेळायला अंथरावे.

उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया आपली गोधडी पुरी होताना चारही कोपऱ्यांना कापडाच्या लहान घड्यांची ‘फुले’ शिवतात. त्यांवाचून गोधडी उघडी समजली जाते. आपल्या घरीही शेवटाला अशी एक रीत असावी. एका कोपऱ्यावर साध्या धावदोऱ्याने वर्ष शिवावे, आणि ज्यांनी टाके घातले त्या सर्वांची आद्याक्षरे शिवावीत. एकच ओळ घातलेल्या धाकट्याचेही. दोऱ्याची शेवटची गाठ मात्र, शक्य असेल तर, आरंभ करणाऱ्या व्यक्तीच्या हातून मारून घ्यावी. तिला सुई दिसत नसेल तर तिचा हात आपल्या हातात धरावा.