चरबीची बाजू

नांदेडच्या लठ्ठ माणसाची सासुरवाडी लातूरला असू नये. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत चुलतसासरे म्हणतात, "जावईबापू, लई सुटलाव की! तोंडाला जरा कुलूप लावा." आणि हे म्हणत म्हणतच तिसरी पुरणपोळी वाढतात, वर तुपाची धार. नको म्हटले तर अपमान, हो म्हटले तर अधाशी!

माझी तक्रार पोळीबद्दल नाही, निकालाबद्दल आहे. लठ्ठ म्हणजे आळशी, खादाड आणि मनाचा दुबळा, हा निकाल लोक इतक्या झटपट देतात की तसे कोर्टात झाले तर वकील उपाशी मरतील.

अहो, चरबी म्हणजे माळवदाच्या वाड्यातले बळद. सुगीत भरायचे, दुष्काळात काढायचे. ग्रॅमभर पिठातून फार तर चार कॅलरी मिळतात, तेवढ्याच चरबीतून नऊ. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला साठवण कोणी शिकवावी? शिवाय हे बळद बोलते. चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन सोडून मेंदूला साठ्याची खबर देतात. न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांनी ते १९९४ साली उजेडात आणले. माणूस वाळू लागला की पेशी आकसतात, संख्येने मात्र फारशा घटत नाहीत. लेप्टिन उतरते आणि मेंदू बोंब ठोकतो, दुष्काळ पडला, खा! या बोंबेपुढे तोंडाचे कुलूप किती दिवस टिकणार?

आता बारीक मंडळींकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळे तपासली. बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकी! पुढे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्या शेजारी स्वतःलाच उभे केले. उंची-वजनाचे गणित दोघांचे एकच, २२.३. अंगातली चरबी साहेबांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२.

कातडीखालचे बळद लहान असले की धान्य माजघरात सांडते, म्हणजे यकृतात आणि आतड्यांभोवती. खरा घात तिथे होतो. आमचे चुलतसासरे काडीसारखे, फक्त सदऱ्याआड मडके बांधल्यागत पोट. त्याला ते 'वयाचं पोट' म्हणत. पायाची जखम महिनाभर भरेना तेव्हा कुठे रक्त तपासले, आणि साखर निघाली. तोवर त्यांना कोणी टोकलेच नव्हते. सगळे घर माझ्याकडे बघत होते ना!

तेव्हा पंगतीत दुसऱ्याचे ताट मोजणाऱ्यांनी गंजगोलाईत जाऊन शिंप्याचा एक टेप विकत घ्यावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या किंवा बाईची ८० च्या पुढे गेली, तर काटा काहीही म्हणो, मुकाट्याने रक्त तपासून घ्यावे. माझी कंबर? आकडा विचारू नका. पण साखर दर सहा महिन्यांनी बघतो.